फॉर्मवरचं ‘नाही’

मायक्रोअ‍ॅरे या चिपवरच्या जनुकीय चाचणीचा निकाल स्क्रीनवर उघडला की मी आधी गुणसूत्रांचा एखादा तुकडा गळालाय का, दुप्पट झालाय का ते बघते. त्या दिवशी तसं काहीच नव्हतं. नऊ महिन्यांचा मुलगा, सतत फिट्स, मान अजून नीट धरत नाही, दोन औषधं देऊनही झटके थांबत नाहीत, आणि गुणसूत्रं मात्र सगळी जागच्या जागी. असा निकाल आला की ‘दोष आढळला नाही’ असं लिहून फाइल पुढे पाठवता येते. पण या चिपवर जनुकसंचातली साडेसात लाख ठिकाणं वाचलेली असतात आणि त्यांत कमी-जास्त तुकड्यांपलीकडचंही बरंच काही दिसतं.

एखाद्या ठिकाणी आईकडून आलेली प्रत आणि वडिलांकडून आलेली प्रत वेगळी असेल तर ठिपका मधल्या पट्ट्यात पडतो. दोन्ही सारख्या असतील तर वरच्या किंवा खालच्या पट्ट्यात. एरवी गुणसूत्रभर हे तिन्ही पट्टे चालत राहतात. या बाळाच्या गुणसूत्रांवर मधला पट्टा जागोजागी पुसलेला होता. तिथे डीएनएच्या लाखो अक्षरांच्या पट्टीत आईची आणि वडिलांची प्रत तंतोतंत सारखी होती. अशा भागांना ‘रन्स ऑफ होमोझायगोसिटी’ म्हणतात, आमच्या बोलण्यात आरओएच.

सहकारी मागे उभी होती. म्हणाली, “नात्यातलं लग्न दिसतंय. फॉर्मवर काय आहे?”

फॉर्मवर ‘नात्यातील विवाह’ या रकान्यात ‘नाही’ लिहिलेलं होतं आणि त्याखाली पेनाने दोनदा रेघ ओढली होती. ती रेघ बघून मला थांबावंसं वाटलं. आधी कुणीतरी हा प्रश्न या माणसांना विचारला होता, उत्तरावर विश्वास ठेवला नव्हता, आणि म्हणून कुणीतरी एवढ्या जोराने पेन दाबलं होतं.

यातलं गणित साधं आहे. मामा-भाचीचं लग्न असेल तर मुलाच्या जनुकसंचाचा सरासरी १२.५ टक्के भाग असा दोन्ही बाजूंनी सारखा येतो. आते-मामे भावंडांचं असेल तर ६.२५ टक्के. लग्न अशा दोन भावंडांचं नसून त्यांच्या मुलांचं आपसात असेल तर दीड टक्क्याच्या थोडं वर. आकडा २५ टक्क्यांजवळ गेला तर प्रश्नच वेगळा होतो, तो घरातल्या अत्याचाराचा असू शकतो, आणि तिथे प्रयोगशाळेला फार जपून आणि कायदा समोर ठेवून पावलं टाकावी लागतात. सगळे तुकडे एकाच गुणसूत्रावर असतील तर लग्नाचा संबंधच नसतो. ते गुणसूत्र बाळाला दोन्ही प्रतींत एकाच पालकाकडून मिळालेलं असण्याची शक्यता असते. या बाळाचा आकडा अडीच टक्क्यांच्या आसपास होता आणि तुकडे बऱ्याच गुणसूत्रांवर विखुरलेले होते. नुसता आकडा धरला तर सहकारीचं म्हणणं बरोबर होतं.

पण मी नुसता आकडा धरत नाही. तुकड्यांची लांबी बघते, कारण काळ लांबीत साठलेला असतो. दर पिढीत गुणसूत्रं पत्त्यांसारखी पिसली जातात. एकत्र लागलेले पत्ते जितक्या वेळा पिसाल, तितके त्यांचे सलग गठ्ठे लहान होत जातात. सामाईक आजोबा दोनच पिढ्या मागे असतील तर तुकडे मोठे राहतात, सरासरी दीड-पावणेदोन कोटी अक्षरांचे. तो पूर्वज दहा पिढ्या मागे असेल तर सरासरी ५० लाखांवर येते. या मुलाचे बहुतेक तुकडे ३० ते ५० लाखांचे होते. दोनच मोठे होते, एक कोटीच्या थोडे वर. दूरच्या भावंडांचं एकच लग्न असतं तर तुकडे मोजके आणि लांब दिसले असते. इथे ते बरेच होते आणि आखूड होते. हे एका लग्नाचं काम नव्हतं. पिढ्यान् पिढ्या थोड्याच घरांत सोयरिकी होत आल्याची ती खूण होती.

म्हणजे फॉर्मवरचं ‘नाही’ खरं असू शकत होतं.

मग मी त्या तुकड्यांत कोणती जनुकं येतात त्याची यादी काढली. ज्या आजारांना दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात, त्यांचं कारण अशा भागात सापडण्याची शक्यता जास्त. लॅंडर आणि बोटस्टाइन या जनुकशास्त्रज्ञांनी १९८७ सालीच ही युक्ती मांडली होती: नात्यातल्या लग्नातून जन्मलेलं आजारी मूल असेल तर आधी त्याचे सारखे भाग शोधा, दोषी जनुक तिथे असणार. यादी शेकड्यांत गेली. फिट्स आणि अंगाचा ढिलेपणा हे दोन निकष लावल्यावर मोजकी नावं उरली. तिसऱ्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर, त्या दोन मोठ्या तुकड्यांपैकी एकात, बीटीडी हे जनुक होतं. बायोटिनिडेज नावाचं एन्झाइम बनवण्याची सूचना या जनुकात असते.

हे एन्झाइम नसलं की शरीराला बायोटिन हे जीवनसत्त्व अन्नातून सोडवून घेता येत नाही आणि वापरलेलं परत वापरताही येत नाही. बाळाला फिट्स येतात, अंग ढिलं पडतं. त्याशिवाय केस विरळ होतात, डोळ्यांभोवती आणि तोंडाभोवती पुरळ येतं, कान आणि डोळ्यांच्या शिरा निकामी होऊ शकतात. उपाय काय, तर रोज बायोटिनची गोळी. अमेरिकेत प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर ही तपासणी होते. आपल्याकडे ती सरसकट होत नाही, आणि याचा मला आजही त्रास होतो.

मी बाळाच्या डॉक्टरांना फोन लावला. विचारलं, “केस कसे आहेत बाळाचे?”

ते गोंधळले. “केस? टोपी असते त्याला नेहमी.”

“आणि तोंडाभोवती काही पुरळ?”

“थांबा, ते आत्ता वॉर्डातच आहेत. मी बघून सांगतो.”

दहा मिनिटांत त्यांचा फोन आला. टोपीखाली डोकं जवळजवळ उघडं होतं, भुवया नव्हत्याच. पुरळही होतं. त्यासाठी दुसरीकडचं मलम चालू होतं आणि ती चिठ्ठी आईच्या पिशवीत होती. केस विरळ म्हणून आजी तेल लावत होती. फिट्स एका डॉक्टरांकडे, त्वचा दुसऱ्यांकडे, केस आजीकडे. सगळं एका कागदावर कधी आलंच नव्हतं.

त्याच संध्याकाळी एन्झाइमसाठी रक्त काढून घेतलं आणि निकालाची वाट न बघता बायोटिन सुरू केलं. रक्त पाठवताना मी दोनदा बजावलं, सीरम गोठवूनच यायला हवं, आणि सोबत एखाद्या निरोगी, नात्यात नसलेल्या माणसाचंही द्या. मुंबईच्या उकाड्यात नमुना तासभर टेबलावर राहिला तर एन्झाइम आपोआप कमी दिसतं आणि आजार नसलेल्याला आजार चिकटतो. निरोगी माणसाचा नमुनाही कमी आला तर चूक वाटेत झाली हे कळतं. निरोगी नमुना ठीक निघाला, बाळाचं एन्झाइम जवळपास शून्य होतं. तोपर्यंत वॉर्डातून निरोप आलेला होता की गोळी सुरू केल्यानंतर दुसऱ्या दिवसापासून फिट आलेली नाही.

समुपदेशनाला आई, वडील आणि आजी आले. वडील मशीद बंदरला माथाडी कामगार, घर भांडुपला, मूळ गाव कोयनेच्या खोऱ्यात. बसायच्या आधीच म्हणाले, “मॅडम, तुम्हीपण तेच विचारणार असाल तर आधीच सांगतो. आमचं नातं नाही. माझ्या सख्ख्या मामाची मुलगी सांगून आली होती. डॉक्टर लोक नको म्हणतात म्हणून घरच्यांनी मुद्दाम ती सोयरीक मोडली. हिचं माझं आडनाव वेगळं, कुळी वेगळी, देवकसुद्धा वेगळं.”

मी म्हटलं, “दादा, माझा तुमच्यावर विश्वास आहे. रिपोर्टही तेच सांगतोय.”

त्यांनी बायकोकडे बघितलं. ती इतका वेळ मान खाली घालून बसली होती.

बॉम्बे ब्लड ग्रुप ऐकलाय का, असं मी विचारलं. वडिलांनी ऐकला होता, त्या रक्तासाठीचे मेसेज फोनवर फिरतात. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पहिल्यांदा नोंदवला. ज्या माणसाला आई आणि वडील दोघांकडूनही एका विशिष्ट जनुकाची बंद पडलेली प्रत मिळते, त्याच्या रक्तपेशींवर ओ गटाच्या माणसांतही असणारा एच हा घटक नसतो. आपल्या देशात असे लोक साधारण दहा हजारांत एक. त्यांच्या आईवडिलांना काहीही झालेलं नसतं, कारण त्यांची दुसरी प्रत चालू असते. तुमच्या दोघांची बायोटिनची एकेक प्रत तशीच चालू आहे, मी सांगितलं. बाळाला दोन्ही बंद मिळाल्या. पुढच्या प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता चारात एक.

मग वंशवेल काढायला घेतली आणि आजी बोलू लागल्या. त्यांची वाडी आणि ओढ्यापलीकडची वाडी. “मी बी पलीकडलीच. माझी सासू पलीकडली, तिची सासू बी. आन् आमच्या पोरी तिकडंच दिलेल्या. साटंलोटंच म्हणा की. डोंगर उतरून कोण देणार पोरगी आमाला?”

सून त्यांच्या माहेरच्या भावकीतली होती, पण किती लांबची ते कुणालाच सांगता येईना. सख्खं-चुलत काही जुळत नव्हतं. नियम कुणी मोडलाच नव्हता. आडनाव, कुळी, देवक सगळं बापाकडून मोजलं जातं. आईची आई, तिची आई, तिची आजी कुठून आली, ते या हिशेबात धरलेलंच नसतं, आणि इथे त्या सगळ्या ओढ्यापलीकडून आलेल्या होत्या. जनुकं मात्र दोन्ही बाजूंनी सारखीच उतरतात.

“वाडी पहिल्यापासून एवढीच होती का?” मी विचारलं.

“न्हाई वं बाई. माझी आजेसासू सांगायची, मानमोडीत घरंच्या घरं बसली. सात चुली राहिल्या. पलीकडं बी तसंच.”

मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. ती मुंबई बंदरातून जूनमध्ये शिरली आणि देशभरात किमान सव्वा कोटी माणसं घेऊन गेली. स्क्रीनवर बघितलेले दोन मोठे तुकडे मला तेव्हा आठवले. एक कोटीच्या वरची लांबी साधारण चार-पाच पिढ्यांची. सात चुलींपर्यंतही जवळपास तेवढंच अंतर. तुकड्यावर तारीख लिहिलेली नसते, त्यामुळे बिघडलेली प्रत त्या सात घरांपैकीच कुणाकडून आली असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण काळ जुळत होता. बाकीचे आखूड तुकडे त्याहून बरेच जुने, साथीच्या आधीपासून दोन वाड्यांत फिरत असलेले.

ही काही एका खोऱ्याची गोष्ट नाही. २०१७ साली हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे कुमारसामी थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइश यांच्या गटाने दक्षिण आशियातल्या २६० हून जास्त समाजगटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतले ८१ गट असे निघाले, की मोजक्या पूर्वजांतून वाढल्याची त्यांची खूण याची नेहमीची उदाहरणं असलेल्या फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंपेक्षाही ठळक होती. काही गटांची लोकसंख्या आज दहा लाखांच्या वर आहे. गर्दीत राहणाऱ्या, नात्यात लग्न न करणाऱ्या माणसांच्या पेशीतही त्या थोड्या पूर्वजांची छाप शिल्लक असते. मग दर वेळी एखाद्या जोडप्याकडे संशयाने का बघायचं? अशा रिपोर्टांत ‘पालक जवळचे नातेवाईक असण्याची शक्यता’ हे ठोकळेबाज वाक्य राजरोस छापलं जातं. ते वाक्य कागदासोबत घरी जातं, सासरी वाचलं जातं, आणि बोल बहुतेक वेळा सुनेला लागतो.

या रिपोर्टात मी ते येऊ दिलं नाही. तुकड्यांची संख्या, त्यांची लांबी, आणि ‘हे चित्र अलीकडच्या नात्यातील विवाहाचं नसून लहान समूहात अनेक पिढ्या झालेल्या विवाहांचं आहे’, एवढं लिहिलं. वंशवेलीत नात्यातल्या लग्नासाठी दुहेरी रेघ काढतात. मी एकेरीच काढली. सहकारी आणि मी त्यावरून बराच वेळ वाद घातला. तिचं म्हणणं, नातं लांबचं का होईना पण आहेच. माझं म्हणणं, असं धरलं तर महाराष्ट्रातल्या निम्म्या वंशवेली दुहेरी रेघांनी भराव्या लागतील. शेवटी रेघ एकेरीच राहिली.

पुढे जनुक वाचून खात्री झाली. दोन्ही प्रतींत एकच बदल, आईवडील दोघेही वाहक, म्हणजे एकेक बिघडलेली प्रत असलेले. बाळाच्या फिट्स परत आल्या नाहीत, पुरळ गेलं, काही आठवड्यांत भुवया दिसू लागल्या. मान धरली, मग बसायला लागलं. कानांचं मात्र जे नुकसान झालं होतं ते गोळीने भरून आलं नाही. दोन्ही कानांना यंत्रं बसवली. जन्मल्यावर लगेच तपासलं असतं तर ती लागली नसती.

आजींनी जाताना विचारलं होतं, “आमच्या वाडीतल्या बाकीच्या पोरांचं काय?” वडिलांनी दोन्ही वाड्यांत फोन केले. गरोदर बायकांची यादी काढली आणि जवळच्या दवाखान्यात नमुना कसा ठेवायचा ते माझ्याकडून समजून घेऊन तिथे सांगितलं. आतापर्यंत तीन नवजात बाळांचे नमुने बर्फातून आमच्याकडे आलेत. दोघांचं एन्झाइम ठीक आहे, तिसऱ्याचं निम्म्यावर आहे, म्हणजे ते वाहक. त्याला गोळीची गरज नाही, हे मी त्याच्या आईला फोनवर सांगितलं.