सोलोच्या बाजारातला वेडुंग

मध्य जावातल्या सुराकार्ता शहराला सगळे सोलोच म्हणतात. तिथल्या मंगकुनगरन राजवाड्याजवळ त्रिविंदू नावाचा जुन्या वस्तूंचा बाजार आहे. सातव्या मंगकुनगर राजांच्या कारकिर्दीला २४ वर्षं झाली म्हणून १९३९ साली तो बसवला गेला. पितळी दिवे, मुखवटे, गामेलान या जावाच्या वाद्यवृंदाचे सुटे भाग, जुनी नाणी यांच्या गर्दीत एका गाळ्यावर मला एक विचित्र हत्यार दिसलं.

जावाचा प्रसिद्ध खंजीर, केरिस, नव्हता, हे लगेच कळत होतं. केरिसचं पातं अरुंद, दुधारी आणि टोकदार असतं. हे रुंद, आखूड आणि एकधारी होतं. पाठ सरळ, पोट फुगीर, अगदी कसायाच्या सुऱ्यासारखं. पण मूठ एवढीशी, पैलू पाडलेली. अशा मुठीने जोरात घाव घालणं कठीणच. मग हे कापायचं हत्यार तरी कसं?

मी मनात इंडोनेशियाचं एकेक बेट आणि तिथलं हत्यार बाजूला सारत गेलो. आचेच्या रेंचोंगची मूठ काटकोनात वळते. सुलावेसीच्या बुगी लोकांच्या बादिकची मूठ पिस्तुलासारखी वाकलेली असते. कालिमांतानच्या दायाक लोकांचा मांदाउ लांब, आणि त्याच्या शिंगाच्या मुठीला केसांचे झुपके. पश्चिम जावाच्या कुजांगच्या पात्याला आकडे आणि बारीक भोकं. यातलं काहीच जुळेना.

गाळ्यावरच्या पाकांनी (तिथे वडीलधाऱ्या पुरुषाला ‘पाक’ म्हणतात) पातं बाजूला ठेवलं आणि म्यान उलटं करून माझ्यापुढे धरलं. चपटं, काळसर लाकडाचं म्यान, आणि मागच्या बाजूला शिंगाची एक रुंद, बाकदार पट्टी. ती कमरपट्ट्यात अडकवायची. “वेडुंग,” ते म्हणाले, “क्राटोनचा.” क्राटोन म्हणजे राजवाडा.

तेव्हा सगळं लख्ख झालं. हे दरबारी मानकऱ्याचं हत्यार. राजापुढे जाताना केरिस पाठीमागे खोचलेला असायचा आणि वेडुंग डाव्या कमरेला. राजाने आज्ञा केली तर झाडंझुडपं, गवतसुद्धा छाटायला हा सेवक तयार आहे, असा त्याचा अर्थ सांगतात. तलवारीचा तोरा नाही, कोयत्याची नम्रता! मला ही कल्पना फार देखणी वाटली. एवढ्याशा मुठीचं कोडंही सुटलं: झाडं तोडायची वेळ कधी येणारच नव्हती.

पाकांनी पातं उन्हात तिरकं धरलं. काळ्या लोखंडात रुपेरी लाटा उमटल्या. हा पामोर. साधं लोखंड आणि निकेल असलेलं लोखंड एकावर एक ठेवून, ठोकून, दुमडून पातं घडवायचं. मग लिंबाचा रस आणि सोमलाने धुतलं की लोखंड काळं पडतं आणि निकेल चमकतं. सोलोच्या राजवाड्यात प्रांबाननजवळ पडलेल्या उल्केचा मोठा तुकडा जपून ठेवलाय. तिच्यातलं निकेलयुक्त लोखंड केरिसच्या पात्यांसाठी वापरलं जात असे. निकेलचा दुसरा नावाजलेला स्रोत सुलावेसीतला लुवू. म्हणजे पातं घडलं जावात, तरी त्यातली चमक समुद्रापलीकडून आलेली असू शकते. नुसत्या पोलादावरून ठिकाण ठरवायला गेलं की फसगत होते ती यामुळेच.

दुसऱ्या दिवशी केरिस नुसांतारा संग्रहालयात गेलो. २०१७ साली उघडलेलं हे संग्रहालय केरिसवेड्यांनी चुकवू नये असं आहे. तिथल्या एका कर्मचाऱ्याला मी फोटो दाखवले. त्याने पात्याकडे ओझरतं पाहिलं आणि आधी म्यानाचा फोटो मोठा केला. म्यान आणि मूठ बदलली जातात, जुन्या पात्याला नवं म्यान चढतं, म्हणून तिन्ही एकमेकांना जुळतायत का हे तो बघत होता. माझ्या फोटोत म्यानाच्या मागच्या बाजूचा नीट क्लोजअप नव्हता, तेव्हा तो घ्यायला मी परत त्रिविंदूला गेलो.