मेल जातोय, पण येत नाही

मेल बंद पडला की फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर्व्हर रिस्टार्ट करून बघू का?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. कशालाही हात लावू नका, आधी मला लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, बघू द्या.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. मेल घेणारा-पाठवणारा पोस्टफिक्स आणि मेलबॉक्स माणसांना उघडून देणारा डव्हकॉट, यूपीएसच्या शेजारी लाकडी पार्टिशन घालून केलेल्या खोलीत. गेल्या महिन्यात तिथल्या अकाउंट्सच्या मॅडमचा फोन आला. "सर, पार्टी म्हणते पीओ (परचेस ऑर्डर) कधीच पाठवलाय, आणि आमच्याकडे तर काहीच नाही. पण आमचे मेल जातायत हं व्यवस्थित." पार्टीच थापा मारते, असं परचेसवाल्यांचं मत पडलं होतं.

मेल जातोय म्हणजे सर्व्हर ठीक आहे, हा समज फार पक्का असतो. जाणं आणि येणं यांचे रस्तेच वेगळे. इथला जाणारा मेल आम्ही मेल पुढे पोचवणाऱ्या एका रिले सेवेकडे सोपवतो, त्यासाठी बाहेरच्या कुणाला आमचा पत्ता शोधावा लागत नाही. येणाऱ्या मेलचं मात्र सगळं डीएनएसवर, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या इंटरनेटच्या डिरेक्टरीवर. पाठवणारा सर्व्हर आधी आमच्या डोमेनचा एमएक्स, म्हणजे मेल कुठे द्यायचा ती नोंद, विचारतो, त्यातून एक नाव मिळतं, त्या नावाचा आयपी (आकडी पत्ता) काढतो आणि पोर्ट २५ वर, म्हणजे २५ नंबरच्या दारावर, येऊन धडकतो. ५८७ आणि ४६५ हे पोर्ट आपल्या माणसांनी मेल पाठवण्यासाठी असतात. सर्व्हर सर्व्हरशी बोलतो तो २५ वरच.

लॉग उघडला. ऑफिसातल्या ऑफिसात फिरणारे मेल दिसत होते, रिलेला गेलेलेही दिसत होते. बाहेरून आलेलं कनेक्शन एखाददुसरं, मग तेही बंद. नकार एकही नाही. डिस्क भरली असती तर ४५२ हा नकाराचा कोड दिसला असता, डोमेन मायडेस्टिनेशनमधून, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्या डोमेनांच्या यादीतून, उडालं असतं तर ५५४ आणि 'रिले ॲक्सेस डिनाइड'. इथे काहीच नव्हतं. दारापर्यंत कुणी आलंच नसेल तर आतली कडी तपासून काय उपयोग? पोस्टफिक्सची एकही सेटिंग मी बदलली नाही.

ऑफिसच्या लॅपटॉपवरून टेलनेटने २५ ला जोडून बघितलं, सर्व्हर तयार असल्याचं २२० चं स्वागत झटकन आलं. त्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नव्हता, कारण ऑफिसच्या राउटरवर मेलच्या नावाला आतला आयपी दिलेला आहे. बाहेरचं जग काय बघतंय ते बाहेरूनच बघायला हवं. (घरच्या ब्रॉडबँडवरून ही चाचणी करू नका. बऱ्याच कंपन्या ग्राहकांचं बाहेर जाणारं २५ बंद ठेवतात, त्यामुळे धडधाकट सर्व्हरही मेलेला दिसतो.) डीएनएसला विचारणाऱ्या डिग या कमांडला मात्र २५ लागत नाही. मोबाइल डेटावरून डिग मारलं. एमएक्स अगदी बरोबर. एमएक्समधलं जे नाव, त्याचा आयपी मात्र आमचा नव्हताच.

मॅडमनी पार्टीला आलेली डिलेची सूचना मागवून घेतली होती, ती तेवढ्यात व्हॉट्सॲपवर आली. 'कनेक्शन टाइम्ड आउट', आणि पुढे तोच परका आयपी. पाठवणाऱ्याकडची ही दोन ओळींची सूचना कुणी वाचत नाही, सरळ डिलीट करतात. निदान बहुतेक वेळा तिच्यातच असतं.

मग उलगडा झाला. नवी वेबसाइट करणाऱ्या मुलाने डोमेनचे नेमसर्व्हर, म्हणजे डीएनएसच्या नोंदी सांभाळणारे सर्व्हर, एका सीडीएनकडे (वेबसाइट जलद पोचवणाऱ्या सेवेकडे) नेले होते आणि वेबसाइटसोबत 'मेल' या नोंदीवरही प्रॉक्सी, म्हणजे आमच्याऐवजी स्वतःचा आयपी दाखवणारी मध्यस्थ सेवा, चालू केली होती. ती प्रॉक्सी फक्त वेबची वाहतूक पुढे पाठवते, पोर्ट २५ वर तिथे ऐकणारं कुणी नाही. "सर, एमएक्सला हात लावला नाही मी," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. सुरुवातीला काही मेल येत राहिले त्याचंही कारण होतं. डॉट कॉमच्या नेमसर्व्हरची नोंद ४८ तासांपर्यंत इतरांच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) राहू शकते, त्यामुळे जुनी नोंद धरून बसलेले सर्व्हर बरोबर पोचत होते. त्याच प्रॉक्सीमुळे मालकांच्या मोबाइलवर घरून मेल उघडत नव्हता, ते फोन जुना झाला म्हणून नवा घ्यायच्या विचारात होते.

त्या एका नोंदीवरची प्रॉक्सी बंद केली. टीटीएल, म्हणजे इतरांनी नोंद धरून ठेवायची मुदत, पाच मिनिटांचा. थोड्या वेळात लॉगमध्ये 'कनेक्ट फ्रॉम'च्या ओळी धावायला लागल्या.

अडकलेले मेल आपोआप येतात, पण सगळे नाही. मेलच्या देवाणघेवाणीचे नियम सांगणारं आरएफसी ५३२१ म्हणतं, किमान चार-पाच दिवस प्रयत्न करत राहा. पोस्टफिक्स ५ दिवस धरून बसतो, कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवरचा मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज मात्र मुळातल्या सेटिंगवर २ दिवसांत हात टेकतो. म्हणून ज्यांचे मेल बाउन्स होऊन परत गेले त्यांना पुन्हा पाठवायला सांगितलं.

संध्याकाळी परत मॅडम. "सर, अजून पीओ नाही आला." लॉगमध्ये तर तो त्यांच्या मेलबॉक्सात पडलेला दिसत होता. थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममधली यादी 'डेट'प्रमाणे लावलेली, आणि ती तारीख पाठवणाऱ्याची असते. उशिरा आलेले सगळे मेल आपापल्या जुन्या तारखांना जाऊन बसले होते. खाली स्क्रोल करायला सांगितलं. "अगंबाई, सतरा अनरीड आहेत की इथे," म्हणाल्या, आणि फोन न ठेवताच परचेसवाल्यांना हाका मारायला लागल्या.