लाकूड फोडलं की थप्पी का वाढते?

लाकडावर चालणाऱ्या भट्टीसाठी पावसाळ्याआधी साठा करायचा म्हटलं, की पहिली अडचण जागेची. ओंडके फोडून रचले की कमी जागेत मावतील, असं बऱ्याच जणांना वाटतं. सरळ, गोल ओंडक्यांच्या बाबतीत नेमकं उलट होतं.

एकसारखे गोल ओंडके एकमेकांच्या खाचांत बसवले, तर गणिताप्रमाणे ९०.७ टक्के जागा लाकडाने भरते. एकावर एक सरळ ठेवले तर ७८.५ टक्के. खरं लाकूड वाकडं, गाठाळ आणि कमीजास्त जाडीचं, त्यामुळे ७५ टक्के भरलं तरी थप्पी उत्तम म्हणायची. एका ओंडक्याचे फोडून चार तुकडे केले आणि ते पुन्हा जुळवून ठेवले तर जागा तेवढीच लागेल, पण तसं रचतं कोण? तिरक्या कडा एकमेकींवर टेकतात आणि मध्ये पोकळी राहते.

४ बाय ४ बाय ४ फुटांची थप्पी धरा, म्हणजे ६४ घनफूट. ७५ टक्क्यांनी त्यात लाकूड ४८ घनफूट. फोडून रचल्यावर हे प्रमाण ६८ टक्क्यांवर आलं, तर त्याच लाकडाला साधारण ७०.६ घनफूट लागतात. तळ तोच ठेवला तर उंची ५ इंचांनी वाढते. न रचता ढीग टाकलात आणि प्रमाण ५० टक्क्यांवर घसरलं, तर थेट ९६ घनफूट.

जागा वाचवते ती करवत. ४ फुटी ओंडक्याला कमानीसारखा साडेचार इंचांचा बाक असेल, तर त्याचे १६ इंची तीन तुकडे केल्यावर प्रत्येकात बाक जेमतेम अर्धा इंच उरतो. म्हणून आधी कापा, मग फोडा. वेड्यावाकड्या लाकडाची थप्पी अशाने लहानही होते.

तरी फोडायला हवंच, कारण साल ओल धरून ठेवते. निम्मं पाणी असलेलं १०० किलो ओलं लाकूड २० टक्के ओलीपर्यंत वाळलं की ६२.५ किलो भरतं. वखारीतून वजनावर घेताना हा फरक खिशाला लागतो. जुलैच्या दमट हवेत लाकूड फारसं वाळत नाही, तेव्हा फोडायचं काम उन्हाळ्यातच उरकावं.

थप्पी विटांवर, जमिनीपासून चार इंच वर ठेवा. ताडपत्री फक्त माथ्यावर, बाजू मोकळ्या. आडवी-उभी रचाई टोकांनाच करा, तिच्यात पोकळी फार राहते. उन्हाकडची बाजू आधी आकसते आणि थप्पी तिकडे झुकते, म्हणून रचतानाच उलट बाजूला इंचभर कल द्या.