तिसरी जोडी

नव्या जातीचं नाव ठरलं होतं. नावाचं लॅटिन शेपूट व्याकरणातल्या लिंगाप्रमाणे जुळतंय का हे पाहून वहीच्या मागच्या पानावर तीनदा लिहूनही झालं होतं. बाळाचा पत्ता नाही आणि बारशाची तयारी, असं आमच्या वर्गीकरणाच्या कामात कधीकधी होतं.

बरणीत बोटाएवढे दोन स्पून वर्म होते. समुद्रतळाच्या वाळूत बीळ करून राहणारा हा कृमी पन्हळीसारखी सोंड बाहेर काढून गाळ गोळा करतो. नावातला चमचा तो हाच. ही सोंड त्याला अंगात ओढून घेता येत नाही, आणि पकडताना ती हमखास तुटते. दोघांचीही गेलेली. उरते ती सुरकुतलेली पिशवी, बाहेरून जात न सांगणारी. फाडावंच लागतं. फॉर्मॅलिनमध्ये मुरलेले, म्हणून डीएनएचाही भरवसा नाही.

पहिला मी आठवड्यापूर्वी उघडला होता. अंगाच्या भिंतीत उभ्या स्नायूंचे पट्टे, पट्ट्यांमधून तिरक्या स्नायूंच्या बारीक जुड्या, नेफ्रिडियांच्या, म्हणजे अंडी-शुक्राणू साठवणाऱ्या नळीसारख्या पिशव्यांच्या, तोंडाशी मळसूत्री वेटोळी: प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, ऑकेटोस्टोमा, शंकाच नाही. पण बाकी सगळं जिच्याशी जुळत होतं त्या जातीत नेफ्रिडियांच्या तीन जोड्या असतात. इथे दोनच. म्हणून ते नाव.

त्या दिवशी दुसरा उघडला. पोटाकडून चेतारज्जू जातो, म्हणून कात्री पाठीवरून चालवायची आणि कातडी टाचण्यांनी ताणायची. आतडं अंगाच्या कितीतरी पट लांब, वाळूने ठासलेलं; चिमटा जरा जोरात लागला की फाटतं. यावेळी घाई नव्हती. ते हळूहळू बाजूला सारलं, तर तोंडाजवळच्या दोन सोनेरी हुकांच्या बाजूला नेफ्रिडियांची आणखी एक जोडी. रिकामी, धाग्यासारखी. प्रजननाच्या काळात ती अंड्यांनी किंवा शुक्राणूंनी फुगली असती, तर आंधळ्यालाही दिसली असती.

एकाच बरणीत दोन जाती? अर्धा मिनिट तसंही वाटून घेतलं. मग पहिल्याचं आतडं काढून ठेवलेली कुपी आठवली. बशीत ओतली, भिंगाखाली धरली. आतड्याच्या पुढच्या टोकाला चिकटून ती जोडी होती, मळसूत्रांसकट. माझ्याच चिमट्याने उपटलेली. भिंतीवर पुन्हा पाहिलं, तेव्हा दोन्ही बाजूंना तुटके बुंधेही दिसले. आठवडाभर ते तिथेच होते.

जर्मन निसर्गशास्त्रज्ञ पालासने 1766 मध्ये एका स्पून वर्मला चक्क गांडुळांच्या लुंब्रिकस प्रजातीत घातलं होतं. पुढे लोकांनी या गटाला स्वतंत्र संघ केलं, आणि डीएनएच्या अभ्यासाने तो पुन्हा वलयी कृमींमध्येच, म्हणजे गांडुळांच्याच संघात, आणून सोडला. तेवढाच दिलासा.

वहीतलं पान फाडलं नाही, नुसती रेघ मारली. बरणीतल्या चिठ्ठीवर पेन्सिलने जुन्याच जातीचं नाव लिहिलं आणि खाली: नमुने दोन, पैकी एकाची नेफ्रिडियांची सर्वांत पुढची जोडी विच्छेदनात तुटली, कुपीत स्वतंत्र ठेवली आहे.