छतावरचा पिवळा डाग

डोंबिवलीतले आमचे घर चार मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. इमारतीचा ताबा 1996 साली मिळाला, म्हणजे ती आता तिशीच्या घरात आली आहे, आणि या वयाच्या इमारतींना जी दुखणी जडतात ती सगळी तिला आहेत. त्यांपैकी एका दुखण्याने आम्हांला जवळजवळ तीन वर्षे दमवले. बेडरूमच्या छताच्या कोपऱ्यात, न्हाणीघराच्या भिंतीला लागून, एका जुलै महिन्यात ताटाएवढा पिवळसर डाग उमटला, आणि पावसाळा चालू असल्यामुळे तो पावसाचाच आहे असे आम्ही गृहीत धरले. दिवाळीपूर्वी रंगारी बोलावला. त्याने तेवढा भाग खरवडून पुट्टी भरली, प्रायमर लावून रंगाचे दोन हात दिले आणि छत नव्यासारखे झाले. पुढच्या मार्चमध्ये डाग परत आला, तेव्हा खरे म्हणजे मार्चमध्ये पाऊस पडत नाही एवढे तरी सुचायला हवे होते. पण आम्ही रंगाऱ्याला दोष दिला आणि दुसऱ्या रंगाऱ्याकडून अधिक महागडी 'वॉटरप्रूफ' पुट्टी लावून घेतली.

ती पुट्टी वर्षभरात फुग्यासारखी फुगली. बोटाने दाबल्यावर रंगाचा अखंड पापुद्रा हातात आला आणि मागे पिठासारखी पांढरी भुकटी दिसली. जुनी माणसे भिंतीला लोणा लागला म्हणतात तो हाच. सिमेंट, वाळू आणि विटांमधले क्षार पाण्यात विरघळून पृष्ठभागाकडे येतात. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात आणि त्यांचे स्फटिक रंगाच्या थराखाली वाढत जाऊन तो थर आतून ढकलतात. त्यामुळे ओल्या छताला खालून जितका घट्ट लेप द्यावा तितका तो अधिक मोठ्या पोपड्याने सुटतो. पाणी वरून येत असताना खालून केलेला कोणताही इलाज म्हणजे केवळ झाकपाक असते, हे समजण्यासाठी आम्ही दोन रंगाऱ्यांची मजुरी मोजली.

त्यानंतर मी एक साधी गोष्ट सुरू केली. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढायची, शेजारी तारीख लिहायची आणि दर पंधरवड्याला पुन्हा पाहायचे. तीन महिन्यांत छतावर नकाशातल्या समोच्च रेषांसारख्या चार रेषा झाल्या. डाग ऐन उन्हाळ्यातही वाढत होता, म्हणून पाऊस संशयितांच्या यादीतून बाद झाला. उरले दोघे: भिंतीतून गेलेली पाणीपुरवठ्याची नळी आणि वरच्या न्हाणीघराचा निचरा. या दोघांच्या वागण्यात फरक असतो. पुरवठ्याच्या नळीत सदैव दाब असल्यामुळे तिला भोक पडले तर घर बंद असतानाही ती गळत राहते, तर निचऱ्याची गळती माणसे वापर करतील तेव्हाच होते. वरचे कुटुंब मे महिन्यात वीस दिवस गावी गेले होते आणि त्या काळात पेन्सिलीची रेघ जागची हलली नव्हती. वर जाऊन बोलायला मला तेवढा आधार पुरेसा होता.

बोलणे मात्र सोपे नव्हते. वरच्या काकूंनी पाचच वर्षांपूर्वी न्हाणीघराचे नूतनीकरण केले होते. "अहो, सगळ्या टाइल्स नव्या आहेत आमच्या, गळेल कशाला?" असे त्यांनी विचारले, आणि त्यांच्या बाजूने पाहता ते बरोबरच होते. पण त्या टाइल्स जुन्या टाइल्सवरच बसवलेल्या होत्या, आणि टाइल म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. पाणी टाइलमधून नव्हे, दोन टाइलांच्या सांध्यातून उतरते. त्यात आपल्याकडे दर आठवड्याला ॲसिड ओतून फरशी लख्ख करण्याची पद्धत आहे. ॲसिड डागांबरोबर सांध्यातले पांढरे सिमेंटही खाते, त्यामुळे जितकी स्वच्छता अधिक तितके सांधे लवकर रिकामे होतात. हे मी काकूंना सांगितले नाही. आमच्या घरीही तेच चालत होते.

त्यांनी तपासणीला होकार दिला, याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे. प्लंबरने प्रथम पुरवठ्याच्या नळीला दाब मोजण्याचा हातपंप जोडला. तासभर काटा हलला नाही, म्हणजे नळी ठीक होती. मग नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या निचऱ्याच्या भांड्याच्या, तोंडात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कापडाचा बोळा घट्ट बसवून फरशीवर दोन इंच पाणी साठवले आणि त्यात खाण्याचा लाल रंग मिसळला. काकूंचे कुटुंब दोन दिवस दुसरे न्हाणीघर वापरत होते. अठ्ठेचाळीस तास झाले तरी आमच्या छतावर नवी ओल दिसली नाही. इथे घाई करून चालत नाही, कारण फरशीखालचा विटांच्या तुकड्यांचा भराव स्पंजसारखा असतो. तो आधी स्वतः भिजतो आणि मगच पाणी खाली सोडतो. तिसऱ्या दिवशी सकाळी बोळा काढून ते सगळे पाणी ट्रॅपमधून जाऊ दिले. संध्याकाळी छताच्या कोपऱ्यात थेंब धरला. मी स्टुलावर चढून कापसाचा बोळा त्याला लावला आणि खाली आणून पाहिला, तर त्यावर अगदी फिकी गुलाबी छटा होती. साठलेले पाणी झिरपले नाही आणि वाहते पाणी झिरपले, याचा अर्थ दोष फरशीत नसून ट्रॅप आणि निचऱ्याची नळी यांच्या सांध्यात होता. तो कापूस मी काकूंना नेऊन दाखवला. त्या क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग आता फोडावंच लागेल."

खर्च कोणी करायचा यावर इमारतीत चार मते होती. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नमुना नियमावलीत, याचे उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे: पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक नळ्यांची गळती संस्थेने दुरुस्त करायची, तर घराच्या आतल्या शौचालय, मोरी वगैरेंमुळे होणारी गळती त्या सदस्याने. आम्ही वरचे काम काकूंनी आणि आमच्या छताचे काम आम्ही, असे ठरवले. एका ठेकेदाराने मात्र काहीही न फोडता खालून छताला छिद्रे पाडून दाबाने रसायन भरण्याचा पर्याय सुचवला होता. स्लॅबला तडा असेल तिथे ही पद्धत उपयोगी पडते. पण सांधा गळतच राहणार असेल तर पाणी तिथून हटून दुसरी वाट शोधणार, कदाचित विजेच्या पाइपातून पंख्याच्या हुकापर्यंत जाणार, म्हणून आम्ही ते नाकारले.

फोडकाम झाले तेव्हा टाइलांच्या दोन थरांखाली काळा पडलेला, कुबट वासाचा भराव निघाला. त्याच्या तळाशी बिडाचा मूळ ट्रॅप होता, आणि त्याच्या सांध्यातले सिमेंट ओल्या मातीसारखे बोटाने निघत होते. स्लॅब पूर्ण उघडा करून, घासून, नवा पीव्हीसी ट्रॅप बसवून त्याभोवती आकुंचन न पावणारे ग्राउट, म्हणजे फटी भरण्याचा मसाला, भरले. फरशी आणि भिंत यांच्या काटकोनात पाणी हमखास मुरते, म्हणून तिथे मसाल्याची गोलाई दिली. कारागीर तिला वाटा म्हणतात. मग पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या लेपाचे दोन थर आडवे-उभे दिले आणि ते भिंतीवर फूटभर, शॉवरच्या बाजूला त्याहून बरेच वर चढवले. यानंतर भराव टाकण्यापूर्वी पुन्हा पाणी साठवायचे होते. ठेकेदार म्हणाला, "साहेब, दहा वर्षांची गॅरंटी लिहून देतो, दोन दिवस कशाला घालवता?" गॅरंटीच्या कागदाला ओल लागत नाही. आम्ही पाणी साठवलेच, आणि पातळी उतरलेली दिसली. एका कोपऱ्यात लेपाचा हात सुटला होता. तो भाग तेव्हा पंधरा मिनिटांत दुरुस्त झाला. फरशी बसल्यावर ट्रॅपच्या दिशेने मीटरला साधारण एक सेंटिमीटर उतार आहे ना, हे काकूंनी स्वतः तांब्याने पाणी ओतून पाहिले.

आमच्या छताचे काम महिनाभर थांबवून, स्लॅब सुकू दिल्यावर केले. हातोडीच्या दांड्याने ठोकत गेले की चांगल्या काँक्रीटचा आवाज टणक येतो आणि सुटलेल्या भागाचा भदभद. आमच्याकडे दोन हात लांबीचा पट्टा पोकळ बोलत होता. आतली सळई गंजली होती. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते, म्हणून तो काँक्रीटचे कवच फोडून बाहेर येतो. अशा जागी नुसते प्लॅस्टर थापले तर ते एक दिवस पलंगावर पडते. सुटलेले काँक्रीट काढून, सळई तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासून, गंजरोधक लेप देऊन पॉलिमर मसाला थराथराने भरला. या निमित्ताने संस्थेच्या सभेत संरचनात्मक तपासणीचा विषयही निघाला. उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतींची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्यांची दर तीन वर्षांनी तपासणी करायची असते. आमची पहिली अजून व्हायची आहे.

खरोखरच पावसाने येणारी ओलही आमच्याकडे आहे, पण ती पश्चिमेच्या भिंतीत, बीम आणि विटांचे बांधकाम जुळते त्या आडव्या भेगेतून येते. दोन पदार्थ उन्हाने वेगवेगळे प्रसरण पावतात, म्हणून तिथे भेग पडणारच. ती खोबणी करून लवचीक मसाल्याने भरावी लागते. हे काम बाहेरून, परांचीवरून करायचे असल्याने होळी ते मृग एवढ्याच काळात होऊ शकते. या वर्षी परांची बांधणारे मिळेपर्यंत वळवाच्या सरी आल्या, त्यामुळे ते राहिले.

बेडरूमचे छत अजून रंगवलेले नाही. करड्या मसाल्याच्या पट्ट्याशेजारी पेन्सिलीच्या जुन्या रेघा तशाच आहेत, आणि शेवटच्या रेघेची तारीख अकरा महिन्यांपूर्वीची आहे. रंगाऱ्याचा दोनदा फोन येऊन गेला. त्याला हा पावसाळा संपल्यावर बोलावले आहे.