आधी गळा, मग ड्रम

कोल्हापूरचा कान डॉल्बी आणि ढोल-ताशावर पोसलेला. त्यामुळे इथं चार पोरं बँड काढायला बसली की प्रत्येकाचा हात आधी आवाज वाढवायला जातो. इंडी पॉपचा, म्हणजे कंपनीशिवाय स्वतःच काढलेल्या पॉप गाण्यांचा, घात तिथंच होतो; शब्दच कळले नाहीत तर गाण्यात उरलं काय? म्हणून सरावाला गायकाचा माइक शिट्टी न मारता चढेल तितका चढवायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या खाली राहायचं.

गायक, गिटार, बेस (खालच्या सुरांची गिटार), ड्रम एवढी जुळणी पुरते. बेसवाला मिळत नाही म्हणून दुसरा गिटारवाला घेतात, पण दोन्ही गिटारी गळ्याच्याच पट्ट्यात घुसतात आणि सगळा चिखल होतो. त्यापेक्षा कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताला बेस द्या.

जागा हे खरं दुखणं. ड्रमसेट बंद खोलीत १०० डेसिबल सहज ओलांडतो. रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री १० नंतर ४५. राजारामपुरीसारख्या वस्तीतल्या माडीवर हे जमणार नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीकडं एखादा गाळा संध्याकाळपुरता मिळतो का बघा, फक्त पत्र्याचा नको. जुलै-ऑगस्टमध्ये पत्र्यावरचा पाऊसच रेकॉर्ड होतो. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवून आवाज बाहेर जायचा थांबत नाही, खोलीतला घुमारा थोडा कमी होतो इतकंच. आवाज अडतो तो जाड विटेनं आणि दाराखालची फट रबरानं बुजवल्यावर. स्नेअरवर, म्हणजे ड्रमसेटमधल्या खणखणीत वाजणाऱ्या ड्रमवर, टॉवेल टाका, काठ्यांऐवजी बारीक काड्यांची जुडी वापरा.

गिटारच्या अँपमधून (अँप्लिफायरमधून) सतत ‘हूंऽऽ’ येत असेल तर बहुतेक वेळा अँप एका सॉकेटवर आणि मिक्सर दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर असतो. दोन्ही एकाच बोर्डावर आणा. हूं घालवायला प्लगची अर्थिंगची पिन काढणारे बहाद्दर आहेत. हात गिटारच्या तारांवर आणि ओठ माइकच्या जाळीवर असताना त्याचा झटका बसतो.

पहिली सुपारी बहुधा कॉलेजच्या गॅदरिंगची. स्वतःची चार-पाच गाणी, २५ मिनिटं, बस्स. साउंडवाल्याला आधीच चिठ्ठी द्या: किती माइक, किती लाइन (थेट वायरनं जोडायची वाद्यं), कोण कुठं उभा. अकूस्टिक गिटारला डीआय बॉक्स, म्हणजे तिचा सिग्नल लांब केबलसाठी तयार करणारी डबी, मागा, नाहीतर लांब केबलमध्ये तिचा आवाज मरतो आणि खरखर तेवढी पोचते. मॉनिटर, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, माइकच्या पाठीमागच्या बाजूला ठेवा. स्टाइल म्हणून माइकची जाळी मुठीत धरली की तो चारी बाजूंनी ऐकायला लागतो आणि शिट्टी मारतो. शिव्या मात्र साउंडवाल्याला.

पैसे यायच्या आधीच कागद करा. कायद्यानं शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग या तीन वेगळ्या मालमत्ता. रेकॉर्डिंग सहसा ते करायचा पुढाकार आणि खर्च ज्याचा, त्याचं. त्यामुळं ‘स्टुडिओचं मी बघतो’ म्हणणाऱ्या मित्राशी तेव्हाच लेखी बोला. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला आपला रॉयल्टीचा हक्क कंपनीच्या नावे लिहून देता येत नाही. करारात तसं कलम दिसलं तर सही थांबवा. प्रत्येक गाण्याचे वाटे टक्क्यांत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचं, म्हणजे त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सदस्यत्व घ्यावं.

गाणं डिस्ट्रिब्युटरकडं (गाणं स्पॉटिफायसारख्या अ‍ॅपवर चढवणाऱ्याकडं) तीन-चार आठवडे आधी द्या. स्पॉटिफायच्या प्लेलिस्टसाठी गाणं सुचवायचं तर प्रकाशनाच्या किमान ७ दिवस आधी. बँडच्या नावाचं रोमन स्पेलिंग दर वेळी एकच ठेवा. एक अक्षर बदललं की दुसरं प्रोफाइल तयार होतं आणि जुने श्रोते पहिल्यावरच राहतात.