गुलमर्गला स्नोमोबाईलवर जाताना पिशवीत काय भरावे

ठाण्यातला हिवाळा म्हणजे पहाटे येऊरच्या बाजूने येणारा गार वारा आणि तलावपाळीवर फिरायला आलेल्या आजोबांच्या डोक्यावरची कानटोपी. आमच्या नौपाड्यातल्या घरात जानेवारीतही पंखा पूर्ण बंद होत नाही. त्यामुळे आपल्याकडची माणसे बर्फात जायची तयारी करू लागली की त्यांच्या डोक्यात जाड कपड्यांखेरीज दुसरे काही येत नाही. माझेही पहिल्या वेळी तसेच झाले होते. दोन हिवाळे गुलमर्गला जाऊन, स्नोमोबाईलवर बसून आल्यानंतर मात्र माझे मत पक्के झाले आहे की जाडीपेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत, वारा आत येता कामा नये आणि अंग ओले होता कामा नये. यंदा माझी भाची तिच्या मैत्रिणींबरोबर चिल्लई कलानमध्ये, म्हणजे २१ डिसेंबरपासून सुरू होणाऱ्या काश्मीरमधल्या कडाक्याच्या ४० दिवसांत, तिकडे निघाली आहे. तिने माझ्याकडे सामानाची यादी मागितली. नुसत्या यादीतून कारणे कळत नाहीत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी वाहनाविषयी थोडे सांगते, कारण सामान त्यावरूनच ठरते. स्नोमोबाईलला पुढे दोन स्की, म्हणजे बर्फावर घसरणाऱ्या लांबट पट्ट्या, असतात आणि मागे इंजिनावर फिरणारा रुंद रबरी पट्टा असतो. बसायची पद्धत आपल्या स्कूटरसारखी असली तरी स्कूटरप्रमाणे मूठ पिळून वेग वाढत नाही, तर हँडलच्या उजव्या बाजूचा छोटा खटका अंगठ्याने दाबून धरावा लागतो. ब्रेक डाव्या हाताला असतो. पुढे लहानशी काच असली तरी गुडघे, हात आणि चेहरा बराचसा उघड्या वाऱ्यात राहतो. हवा उणे ५ अंश असताना ताशी ४० किलोमीटर वेगाचा वारा अंगावर आला, तर उघड्या त्वचेला ती थंडी उणे १४ अंशांइतकी लागते. हॉटेलच्या दारात उभे राहून "इतकी काही थंडी नाही" म्हणणारा माणूस वाहनावर बसताच पाच मिनिटांत कुडकुडू लागतो, त्याचे कारण हेच आहे.

मला या गोष्टीचा धडा अंगठ्याने दिला. पहिल्या खेपेला मावशीने विणलेले लोकरीचे हातमोजे मी मोठ्या प्रेमाने घालून गेले होते. मोकळ्या माळावर आल्यावर चालक मागे सरकला आणि त्याने वाहन माझ्या हाती दिले. विणलेल्या लोकरीतून वारा गाळणीतून पाणी जावे तसा आरपार जातो, आणि उजवा अंगठा तर सतत खटक्यावर ताठ धरलेला असतो. दहा-बारा मिनिटांनी वाहन थांबवले तेव्हा अंगठा खटक्यावरून उचलला गेला की नाही, हे मला डोळ्यांनी पाहून ठरवावे लागले. मोजा काढला तर अंगठ्याचे टोक मेणासारखे पांढरे पडले होते, आणि नखाने दाबले तरी काही कळत नव्हते. चहाच्या टपरीत बुखारी, म्हणजे लाकडावर पेटणारी पत्र्याची शेगडी, धगधगत होती. मी सरळ तिच्यावर हात धरायला निघाले, तेव्हा त्या काश्मिरी चालकाने मला अडवले आणि म्हणाला, "आग के पास नहीं, मैडम, बगल में दबाइए." त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते. बधिर झालेल्या कातडीला चटका कळत नाही आणि ती नकळत भाजते. बर्फाने चोळणेही तितकेच घातक असते. काखेची ऊब किंवा कोमट पाणी, एवढेच उपाय करायचे असतात. माझ्या अंगठ्यात पंधरा मिनिटांनी मुंग्या आल्या आणि नंतर चांगलीच ठणक लागली. मात्र पांढरेपणा आणि बधिरपणा उतरत नसेल तर वेळ न घालवता डॉक्टर गाठला पाहिजे.

म्हणून माझ्या पिशवीत हातमोज्यांना पहिला मान आहे. आत पातळ लोकरी किंवा पॉलिस्टरचे मोजे घालावेत आणि त्यावर वारा व पाणी दोन्ही अडवणारे, मनगटाच्या वर कोटाच्या बाहीवर चढतील इतके लांब, असे मोजे घालावेत. फोटो काढताना वरचा मोजा काढला तरी आतला राहतो आणि उघडी बोटे गार धातूला लागत नाहीत. आतल्या मोज्यांचा आणखी एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावा, कारण बर्फात एकदा पडले की मोजे ओले होतातच. हात गरम ठेवणाऱ्या लहान पुड्याही मिळतात. त्यांत लोखंडाची भुकटी असते, ती हवा लागताच गंजू लागते आणि त्यातून उष्णता निर्माण होते. त्यांना हवा लागतेच, त्यामुळे घट्ट बुटात त्या फारशा तापत नाहीत. त्या दोन मोज्यांच्या मध्ये ठेवाव्यात, उघड्या कातडीवर ठेवू नयेत.

कपड्यांच्या बाबतीत आपल्याला ठाण्याचा पावसाळा उपयोगी पडतो. जुलै महिन्यात घोडबंदर रस्त्यावरून रेनकोट घालून स्कूटर चालवणाऱ्याला हे नीट ठाऊक असते की बाहेरचा पाऊस अडला तरी आतला सदरा घामाने चिंब होतो. बर्फात नेमके हेच होते, फरक इतकाच की इथे चिंब सदरा नुसता नकोसा वाटतो आणि तिथे तो अंगातली ऊब काढून घेतो. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. वाहन बर्फात रुतले आणि ते ओढायला हात लावला की त्या थंडीतही घाम फुटतो. मग पुन्हा बसून वाऱ्यात निघाले की पाठ बर्फासारखी गार पडते. म्हणून अंगाला लागून सुती कपडा अजिबात नको. थर्मलच्या आत सवयीने सुती बनियन घालणारी कितीतरी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्या एका बनियनमुळे महागाच्या थर्मलचा सगळा उपयोग संपतो. सर्वांत आत पॉलिस्टरचे किंवा मेरिनो लोकरीचे थर्मल, त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, आणि सर्वांत वर वारा-पाणी अडवणारा कोट व पँट, इतके पुरते. घाम येईल असे वाटताच मधला थर काढून पिशवीत टाकावा. कोट आणि पँट जोडलेला सलग पोशाख भाड्याने मिळतो, पण बायकांनी तो शक्यतो टाळावा, कारण माळावर स्वच्छतागृह जवळ असेलच असे नाही आणि गरज पडल्यावर तो सगळा पोशाख उतरवणे फार त्रासाचे होते.

इथून काय न्यावे आणि तिथे काय भाड्याने घ्यावे, याचा माझा नियम साधा आहे. अंगाला लागणारे सगळे स्वतःचे असावे आणि वरचे भाड्याचे चालेल. देशांतर्गत विमानात बहुधा १५ किलोचीच मुभा असते आणि जाड कोट व बूट नेले तर तीत दुसरे काही मावत नाही. गुलमर्गच्या खाली तंगमर्गला कोट आणि गमबूट भाड्याने देणारी दुकाने ओळीने आहेत. पहिल्या वेळी तिथल्या एका दुकानातून घेतलेल्या गमबुटांचे अस्तर आधीच्या गिऱ्हाइकाच्या पायांनी ओलसर झालेले होते. मी घाईत आत हात घालून पाहिला नाही, आणि त्या ओलीने दिवसभर माझ्या पायांची बोटे गारठलेली राहिली. आता मी प्रत्येक बुटात हात घालून टोकापर्यंत चाचपते आणि मगच पैसे देते. तुम्हीही तसेच करा, दुकानदाराला राग आला तरी चालेल. बूट एक माप मोठा घ्यावा. त्यात दोन-तीन सुती मोजे कोंबण्यापेक्षा एकच जाड लोकरी मोजा घालावा, कारण बोटे हलवायला जागा राहिली नाही तर रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गारठतात. लोकरी पायमोज्यांचा दुसरा जोड कोरडा ठेवावा, आणि तो गाडीत न ठेवता पाठीवरच्या पिशवीत ठेवावा.

डोक्याला हेल्मेट वाहनवाल्याकडून मिळते. ते अनेकांनी वापरलेले असते, त्यामुळे आत घालायला पातळ कापडी माकडटोपी स्वतःची असावी. गळ्यासाठी मफलर किंवा ओढणी न्यायचीच नाही, हे मी हात जोडून सांगते. मागे फिरणारा पट्टा उघडा असतो आणि वाऱ्यावर उडणारे कापड त्यात ओढले गेले तर गळ्याशी बेतते. त्याऐवजी डोक्यातून चढवायची नळीसारखी गळपट्टी वापरावी, ती नाकापर्यंत वर ओढता येते. लांब वेणीही कोटाच्या आत घालावी.

चष्मेवाल्यांना इथे खरी अडचण येते. गळपट्टीतून वर जाणारा उच्छ्वास चष्म्यावर बसतो आणि थंडीत त्याचे चक्क दव गोठते. चष्म्यावरून बसतील असे मोठे, दुहेरी काचेचे गॉगल मिळतात, आणि मी दुसऱ्या वेळी तेच नेले. गॉगल हौसेसाठी नसून गरजेचे आहेत. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. दर हजार मीटरला अतिनील किरणे साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजे बर्फ त्यांतील ८० टक्क्यांपर्यंत किरणे परत वर फेकते. डोळे उघडे राहिले तर त्यांचा वरचा पारदर्शक पडदा भाजतो, आणि तेही लगेच कळत नाही. संध्याकाळी खोलीवर आल्यावर डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागते. सनस्क्रीन लावताना हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही लावावे, कारण उन्हाचा मारा खालूनही होतो. ओठांसाठी मलम हवेच.

खाण्याच्या बाबतीत आपल्या घरचे पदार्थ उत्तम आहेत, फक्त थंडीत त्यांचे काय होते हे ठाऊक हवे. चिक्की दगडासारखी होते आणि दात दुखावते. डिंकाच्या लाडवातले तूप घट्ट होते, तरी तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवला तर मऊ राहतो. खजूर, भाजके शेंगदाणे आणि गुळाचा खडा यांना काही होत नाही. हातमोजे न काढता खाता येईल असे तुकडे घरीच करून नेणे सोयीचे पडते. थंडीत तहान लागत नाही, पण पाणी अंगातून जातच असते, त्यामुळे आठवणीने घोट घोट प्यावे. थर्मासमध्ये गरम पाणी न्यावे. साधी बाटली असेल तर ती उलटी ठेवावी, म्हणजे बर्फ वर आलेल्या तळाशी धरतो आणि खालचे बूच मोकळे राहते.

औषधांविषयी मात्र मी आग्रहाने सांगेन. घरात मधुमेह असणारे कोणी बरोबर असेल तर इन्सुलिन पाठीवरच्या पिशवीत ठेवू नये. ते एकदा गोठले की निकामी होते, आणि वितळल्यावर दिसायला ठीक वाटले तरी वापरायचे नसते. ते अंगाजवळच्या खिशात ठेवावे. दम्याचा पंपही तिथेच ठेवावा, कारण गार कोरड्या हवेने दमा उसळतो. पाठीच्या मणक्याचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी या वाहनावर बसू नये, कारण धक्के चांगलेच लागतात.

फोनची बॅटरी थंडीत भराभर उतरते, कधी ३० टक्के दाखवत असतानाच फोन बंद पडतो. तोही आतल्या खिशात ठेवावा. पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच न्यावी लागते, हे विसरू नये. महाराष्ट्रातले प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, त्यामुळे गटातल्या किमान दोघांकडे पोस्टपेड हवे, आणि थोडी रोख रक्कमही हवी.

हे सगळे ठरलेल्या वाटेवरच्या, चालकाबरोबरच्या फेरीसाठी झाले. कोणी अफरवट डोंगराच्या उताराकडे न मळलेल्या बर्फात नेतो म्हणाला, तर तिथे हिमस्खलनाचा धोका असतो. बर्फाखालच्या माणसाचा ठाव देणारे यंत्र, शोधकाठी आणि फावडे ही तिन्ही साधने प्रत्येकाकडे असल्याशिवाय आणि ती वापरता आल्याशिवाय तिकडे जायचे नसते. भाचीला मी सांगितले आहे की कोणी असे विचारले तर नाही म्हणून मोकळे व्हायचे.

परत आल्यावरचे कामही या तयारीतच धरावे, कारण ठाण्याची दमट हवा या वस्तूंना फार वाईट आहे. पहिल्या सफरीनंतर मी हातमोजे तसेच माळ्यावर टाकले, आणि ऑगस्टमध्ये काढून पाहिले तेव्हा चामड्याच्या तळव्यावर हिरवट बुरशीचा थर आला होता. आता मी आल्या आल्या सगळे उन्हात दोन दिवस वाळवते. पिसे भरलेले जाकीट दाबून न ठेवता सैल लटकवते, लोकरी कपड्यांत डांबरगोळ्या ठेवते, आणि गणपतीच्या आधी एकदा सगळे बाहेर काढून पुन्हा ऊन देते. भाचीला देण्यासाठी मोजे आणि गॉगल काल खाली काढले, दोन्ही कोरडे आणि स्वच्छ निघाले.